वास कांद्याचा नव्हता: इंदिरानगरमधल्या एका गॅस लाइनचं प्रकरण

इंदिरानगरमधल्या त्या घरात कांद्याची गोणी दोनदा उपसली गेली होती. आधी काकूंनी, मग त्यांच्या मुलानं. नाशिकमध्ये कांद्याची गोणी नसलेलं घर विरळाच, आणि गोणीत एक कांदा सडला तरी वास घरभर फिरतो, हे इथं लहान मुलालाही माहीत असतं. त्यामुळे रोज सकाळी स्वयंपाकघरात वास येऊ लागला, तेव्हा सगळ्यांचं बोट गोणीकडे गेलं. गोणीत दोन कांदे सडलेले निघालेही. ते फेकले, गोणी गच्चीवर उन्हात पसरली, दोन दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या. वास गेला. तिसऱ्या सकाळी पुन्हा आला.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात, आणि त्याचा वास सडक्या कांद्याशी किंवा कोबीशी इतका मिळताजुळता असतो की आमच्यासारख्या रोज हेच काम करणाऱ्यांचीही क्षणभर फसगत होते. मी एका गॅस एजन्सीचा मेकॅनिक आहे. त्याआधी बरीच वर्षं सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत गॅस पाइपिंगची कामं केली. घरगुती लाइनची प्रकरणं बहुधा छोटी असतात, झडपेतली रबरी रिंग बदलली की संपतात. हे तसं नव्हतं, म्हणून सगळं लिहून ठेवतो आहे.

घर आणि आधीची गोष्ट

जुनं रो-हाउस. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि मागे पत्र्याखालची धुण्याभांड्याची जागा. काका निवृत्त, काकू घरी, मुलगा आणि सूनबाई दोघं नोकरीला. दसऱ्याच्या सुमारास, ऑक्टोबर 2024 मध्ये, त्यांनी स्वयंपाकघर नवं केलं. नवा ओटा, नव्या टाइल्स, चार बर्नरचा हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी) आणि ओट्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्रॉल्या. आधी ओट्याखाली सिलिंडर होता आणि दीड मीटरची नारिंगी नळी थेट शेगडीला. ट्रॉल्या आल्या तसा सिलिंडर मागच्या जागेत गेला. तिथल्या कोनाड्यात दोन्ही सिलिंडर ठेवले आणि तांब्याच्या पाइपनं गॅस आत आणला. हे काम ट्रॉलीवाल्यांनीच आणलेल्या एका फिटरनं अर्ध्या दिवसात केलं. शेगडी पेटवून दाखवली, निळी ज्योत आली, पैसे घेऊन तो गेला.

आमच्या एजन्सीला हे कळवलंच नव्हतं. जोडणीची जागा बदलायची तर वितरकाला सांगून त्याच्या मेकॅनिककडून करून घ्यायची असते, पण घराच्या कामाच्या धांदलीत ते कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि ट्रॉली बसवणारेही तसं सांगत नाहीत.

काकू मात्र एक गोष्ट तीस वर्षं न चुकता करत आल्या आहेत. टाकी लावली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली ‘गॅस’ लिहायचं. त्यांच्या घरी टाकी 35 दिवस जायची. नव्या लाइनवरची पहिली टाकी 28 दिवसांत संपली. तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, चकल्या, शेव, अनारसे सगळं घरी झालं होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही. दुसरी टाकी लावली नोव्हेंबरच्या मध्यावर. तीही डिसेंबरच्या मध्याला, पुन्हा 28 दिवसांनी संपली. या वेळी फराळ नव्हता की पाहुणे नव्हते. काकूंनी मुलाला न विचारता एजन्सीत फोन केला आणि मला जोडून घेतलं.

“भाऊ, टाकीत गॅस कमी भरून येतो का हल्ली?”

मी विचारलं, “काकू, वास येतो का?”

“वास येतो हो सकाळी. पण तो कांद्याचा.”

वास नेमका कधी येतो, तेही विचारलं. त्या म्हणाल्या, पहाटे झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की येतो, चहा होईस्तोवर जातो. हे ऐकून मी लगेच निघालो. वास जात नसतो. नाक त्याला सरावतं. त्याच हवेत पाच-दहा मिनिटं राहिलं की मरकॅप्टन जाणवेनासा होतो, आणि घरातल्यांना वाटतं, हवा मोकळी झाली.

निघण्याआधी फोनवरच सांगितलं: मागे जाऊन रेग्युलेटर बंद करा. आतलं-बाहेरचं कुठलंही विजेचं बटण चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. काडी, लायटर, देवाचा दिवा काही लावू नका. दारं-खिडक्या उघडा आणि पुढच्या अंगणात बसा. वास वाढला तर माझी वाट पाहू नका, 1906 लावा. गॅस गळतीसाठीचा हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तो शेगडीजवळ लिहिलेला मला फार कमी घरांत दिसतो.

पहिली पाहणी

मागच्या कोनाड्याला सुताराच्या हातचं घट्ट प्लायचं दार होतं. दिसायला छान, पण वर-खाली कुठं एक फट नाही. आत दोन सिलिंडर, एक जोडलेला. कोनाड्यापासून हातभर अंतरावर सांडपाण्याचं चेंबर, त्यावर जाळीचं झाकण. दुसऱ्या बाजूला वॉशिंग मशीनचा प्लग, जमिनीपासून फूटभर उंचीवर.

आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये नुसता प्रोपेन नसतो, प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. दोन्ही हवेपेक्षा जड. प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन सुमारे दुप्पट. म्हणजे सुटलेला गॅस पाण्यासारखा वागतो: खाली उतरतो, जमिनीलगत पसरतो, खोलगट जागा शोधतो. बंद कोनाडा, शेजारी उघडं चेंबर आणि खालच्या उंचीवर ठिणगी पाडू शकणारा प्लग. या तीन गोष्टी एका जागी पाहून माझं मन धास्तावलं. चेंबरमध्ये गॅस उतरला तर तो गटाराच्या पाइपातून शेजारच्या घरापर्यंतही जाऊ शकतो.

रेग्युलेटरपासून निघालेली नारिंगी नळी दोन तुकडे जोडून अडीच मीटर केलेली होती. सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि मध्ये सांधा नसावा, हे तर पहिलं. तिचं दुसरं टोक सरळ तांब्याच्या गुळगुळीत पाइपावर ओढून बारीक तारेनं बांधलेलं. पाइपाला नळी धरून ठेवणारं खाचांचं नोझल नव्हतं आणि क्लिपही नव्हती. तांब्याचा पाइप तिथून भिंतीत शिरत होता. भोकात पाइप आणि सिमेंट एकमेकांना चिकटलेले, मध्ये संरक्षक नळकांडं नाही. पुढे तो टाइलखाली गडप. पुन्हा दिसला तो हॉबच्या खाली, ट्रॉलीच्या पाठीमागे, जिथं हात घालायचा तर दोन ट्रॉल्या काढाव्या लागल्या.

बंद करायची चावी अख्ख्या लाइनवर एकच होती, ती म्हणजे रेग्युलेटर. आणि तो मागच्या दाराबाहेर, प्लायच्या दाराआड. ओट्याखाली सिलिंडर होता तेव्हा काकू रोज रात्री वाकून रेग्युलेटर बंद करत. आता डिसेंबरच्या थंडीत रात्री कडी काढून, अंधारात, बाहेर कोण जाणार? दोन महिन्यांत एकदाही तो रात्री बंद झाला नव्हता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि सांगताना त्या खजील झाल्या. मी म्हटलं, “काकू, यात तुमची चूक नाही. सवय तुम्ही मोडलेली नाही, तुमच्या हातातून काढून घेतली गेली.” हे मी त्यांचं मन राखायला बोललो नव्हतो. लाइन अशी असावी की घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसालाही ती रात्री बंद करणं सोपं जावं.

साबण आणि पाणी

गळती शोधायला साबणाचं पाणी लागतं, ज्योत कधीच नाही. काडी पेटवून सांध्यापाशी धरणारे लोक मी पाहिले आहेत. आपल्या नशिबावर एवढा भरवसा कुणी ठेवू नये.

साबणाचा फेस आधी सिलिंडरच्या झडपेवर, मग रेग्युलेटरवर, मग नळीच्या टोकांवर लावला. तारेनं बांधलेल्या टोकाशी बारीक बुडबुडे आले. मुलगा लगेच म्हणाला, “सापडलं!” इथंच बरेचसे मेकॅनिक थांबतात. क्लिप लावतात, पुन्हा फेस लावतात, बुडबुडा नाही म्हणजे काम झालं. पण पहाटेचा वास आत होता आणि हे टोक बाहेर. सापडलेली गळती खरी होती, तरी तक्रारीचं उत्तर ती नव्हती.

मी ते टोक नीट केलं आणि यू-नळी काढली. हे साधन कुणालाही समजेल असं आहे: पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात पट्टीवर बांधलेली, अर्धी रंगीत पाण्यानं भरलेली. एक टोक गॅस लाइनला, दुसरं हवेला उघडं. गॅसच्या दाबानं एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर चढतं, आणि दोन पातळ्यांतला फरक हा दाब. घरगुती रेग्युलेटर नाममात्र 30 ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाब देतो, म्हणजे सुमारे 300 मिलिमीटर पाणी. हा दाब इतका हलका आहे की तोंडानं फुंकूनही येतो. म्हणूनच लोकांना वाटतं, एवढ्याशा दाबाला काय गळणार.

हॉबच्या टोकाला यू-नळी जोडली, हॉब बाजूला केला, रेग्युलेटर उघडला. पाणी 300 वर गेलं. रेग्युलेटर बंद केला आणि घड्याळ लावलं. तीस सेकंदांत पाणी 70 वर आलं.

काका पलीकडून बघत होते. ते म्हणाले, “पण शेगडी तर छान पेटते.”

या वाक्यासाठीच मी हे प्रकरण लिहायला घेतलं. शेगडी पेटते एवढ्यावरून गॅस शेगडीपर्यंत पोहोचतो इतकंच कळतं. वाटेत किती सुटतो, ते ज्योत सांगत नाही. ताशी दोन लिटर गॅस भिंतीत जात असला तरी ज्योत तितकीच निळी आणि तितकीच उंच राहते. लाइन पास की नापास, हे ठरतं ती बंद असताना, दाब धरून ठेवते की नाही यावर.

ताशी दोन लिटर हा आकडा मी असाच घेतलेला नाही. लाइनमध्ये नळी धरून साधारण 0.4 लिटर जागा होती. पाणी ज्या वेगानं उतरलं त्यावरून ढोबळ हिशेब मांडला तर पूर्ण दाबाला मिनिटाला तीसेक मिलिलिटर गॅस सुटत होता, म्हणजे तासाला सुमारे दोन लिटर. दिवसाला 48 लिटर. एक लिटर गॅस सव्वादोन ग्रॅमच्या आसपास धरला तर दिवसाला शंभर ग्रॅमपेक्षा थोडा जास्त. आता काकूंचं कॅलेंडर बघा. 14.2 किलोची टाकी 35 दिवस, म्हणजे दिवसाला सुमारे 400 ग्रॅम. त्यात शंभर मिळवले की 500, आणि 14.2 किलो 500 ग्रॅमनं पुरतात ते 28 दिवस. यू-नळी आणि भिंतीवरचं कॅलेंडर एकच गोष्ट सांगत होते. मी तो हिशेब कागदावर काकूंना दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, कागद घडी करून कॅलेंडरमागे ठेवला.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट रात्रीची होती. आठ तासांत 16 लिटर गॅस. हा गॅस हवेत सुमारे 1.8 टक्के झाला की पेटू शकतो. 16 लिटर गॅस नीट मिसळला तर जवळजवळ 900 लिटर हवा पेटण्याजोगी करायला पुरतो, आणि त्या ओट्याखालची ट्रॉल्यांची सगळी जागा मोजली तर साधारण एवढीच भरते. प्रत्यक्षात सगळा गॅस तिथं साचत नव्हता. थोडा भिंतीच्या पोकळीत, थोडा फटींतून बाहेर. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीत, खिडक्या रात्रंदिवस उघड्या होत्या म्हणून वासही नव्हता. नोव्हेंबरच्या अखेरीस नाशिकची थंडी पडली, खिडक्या बंद झाल्या आणि वास यायला लागला. गळती पहिल्या दिवसापासून तीच होती. मरकॅप्टनचं प्रमाण असं ठेवलेलं असतं की गॅस पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या पाचव्या हिश्शाला पोहोचला की माणसाला वास यावा. काकूंना तो रोज येत होता. वयानं नाक मंदावतं हे खरं, तरी घरात सर्वांत आधी त्यांनाच आला, कारण पहाटे ताज्या नाकानं तिथं पहिलं पाऊल त्यांचं पडायचं.

भिंतीत काय होतं

गळती कुठल्या भागात, हे लाइन दोन तुकड्यांत पाडून कळतं. रबरी नळी सोडवली, तांब्याचं बाहेरचं टोक बूच लावून बंद केलं आणि आतल्या टोकाला यू-नळीबरोबर रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी फुगा जोडला. आता आत फक्त हवा. 300 पर्यंत फुगवलं. हवा गॅसपेक्षा सावकाश सुटते, तरी मिनिटभरात पाणी 50 च्या आसपास उतरलं. म्हणजे दोष तांब्यात. तांब्याची दोन टोकं सोडली तर सगळा पाइप टाइलमागे होता.

इथं काकांशी थोडा वाद झाला. त्यांचं म्हणणं, दोन महिन्यांपूर्वी लावलेल्या टाइल्स. जिथं गळतं तिथली एकच फोडा, सांधा घट्ट करा, बंद करा. त्यांची कळकळ मला समजत होती. आयुष्यभराच्या बचतीतून माणूस एकदा स्वयंपाकघर करतो. पण मी हात जोडून नाही म्हटलं. “काका, आज घट्ट केलेला सांधा पुन्हा टाइलमागेच जाणार. तो परत सैल झाला तर तुम्हाला आणि मला कसं कळणार?” शिवाय पाइप भिंतीत नेमका कुठून जातो, याचा कागद कुणाकडे नव्हता. उद्या चिमणीचा कंस बसवायला कुणी ड्रिल मारलं तर?

ती लाइन बाद करायचं ठरलं. तरी कारण कळावं म्हणून, काकांच्या परवानगीनं, ओट्यामागची एक टाइल उघडली. हवा भरलेली ठेवून कान लावला, तेव्हा जिथं बारीक सुस्कारा ऐकू आला तिथली.

आत पितळी युनियन होतं. तांब्याचे दोन तुकडे तिथं जोडलेले. फिटर एसीचं काम करणारा होता, आणि तिथले उरलेले तुकडे त्यानं इथं वापरले असावेत. एसीच्या कामात तो कदाचित चांगलाही असेल. पण तुकडा पुरला नाही म्हणून सांधा भिंतीत आला. युनियनचा नट उघडला. तांब्याचं टोक फनेलसारखं पसरवून नटानं पितळी शंकूवर दाबायचं असतं, त्याला फ्लेअर म्हणतात. यात गॅस अडतो तो धातूवर धातू बसल्यामुळे. आट्यांचं काम फक्त दाबून धरायचं. इथं आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली होती, तिचा फ्लेअरला काडीचा उपयोग नाही. पाइप कटरनं न कापता करवतीनं कापलेला, आतली धार साफ न केलेली, आणि फ्लेअरच्या कडेला केसाएवढी चीर. टोक जास्त पसरवलं की किंवा नट गरजेपेक्षा आवळला की तांबं असं चिरतं. टेप गुंडाळूनही गॅस थांबत नाही म्हटल्यावर त्यानं आणखी आवळलं असावं, आणि चीर मोठी केली असावी.

पाण्याच्या कामात सुतळी-सफेदा लावून, टेप गुंडाळून वेळ मारून नेता येते. गळलं तर भिंतीवर ओल दिसते आणि माणूस बोलावता येतो. गॅसला ओल नसते.

नवी लाइन

नव्या लाइनसाठी मी तीनच अटी घातल्या होत्या. तांबं एकसंध, सांधे फक्त दोन्ही टोकांना, आणि प्रत्येक सांधा डोळ्यांना दिसणारा व हाताला लागणारा.

सूनबाईंना भिंतीवरून जाणारा पाइप नको होता. ते रास्तच होतं. शेवटी रस्ता असा काढला की पाइप बाहेरच्या बाजूनंच, मागच्या भिंतीवर छताखालून जाईल आणि ओट्याच्या डाव्या कोपऱ्याजवळ एकाच ठिकाणी आत येईल. आत दिसणारा भाग दीड फुटांचा राहिला. भिंतीतल्या भोकात आधी मोठ्या व्यासाचं नळकांडं बसवलं, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, आणि त्यातून पाइप नेला. पाइप भिंतीला घासत नाही, सिमेंटचा क्षार लागत नाही आणि आतल्या तुकड्याला काही झालंच तर गॅस बाहेरच्या हवेत जातो. कॉइलमधून एकाच लांबीचा मऊ तांब्याचा पाइप घेतला. वळणं स्प्रिंग घालून दिली म्हणजे तो चेपत नाही. दर दोन-अडीच फुटांवर क्लिप, विजेच्या पाइपापासून हातभर अंतर.

आतल्या टोकाला गॅससाठीचा बॉल व्हॉल्व्ह. तो ट्रॉलीच्या आत लपवायला सुतार तयार होता, मी नको म्हटलं. तो ओट्याच्या वर, डाव्या भिंतीवर, काकूंच्या खांद्याच्या उंचीला आहे, बर्नरपासून लांब. दांडा पाइपाच्या ओळीत म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. चष्मा नसला तरी कळतं. व्हॉल्व्हपासून हॉबपर्यंत आयएसआय शिक्क्याची छोटी सुरक्षा नळी, दोन्हीकडे क्लिपा, आणि नळीवर छापलेली तारीख वर दिसेल अशी फिरवून. हॉबखालच्या ट्रॉलीच्या पाठीला आणि अगदी जमिनीलगतच्या पट्टीला जाळी बसवली. जड गॅसला बाहेर पडायची वाट खालीच लागते.

चाचणी दोनदा घेतली. आधी हवेवर: रेग्युलेटर आणि हॉब दोन्ही सोडवून, कारण एवढा दाब त्यांना सोसत नाही, लाइनमध्ये पंपानं एक किलोचा (म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो) दाब भरला आणि अर्धा तास काट्याकडे बघत बसलो. यातही एक बारकावा आहे. पाइप बाहेरच्या भिंतीवर, पूर्वेला. सकाळचं ऊन पडून पाइप दहा अंशांनी तापला तर आतला दाब आपोआप 0.07 किलोनं वाढतो आणि छोटी गळती त्याखाली झाकली जाते. म्हणून ही चाचणी आम्ही ऊन सरल्यावर घेतली. काटा हलला नाही. मग सगळं जोडून गॅसवर यू-नळी: 300, पंधरा मिनिटं, 300. काका या वेळी खुर्ची घेऊन शेजारी बसले होते, पट्टीवरचा आकडा तेच मोठ्यानं वाचत होते.

मागचा कोनाडा बंद केला. सिलिंडर आता दुसऱ्या कोपऱ्यात, चेंबरपासून सहा-सात फूट दूर, उभे, उंचवट्यावर. भोवती जाळीचं दार, त्याला खालूनही हवा. रेग्युलेटरपासून तांब्यापर्यंत नळी एकच, दीड मीटरच्या आत. वॉशिंग मशीनचा प्लग पलीकडच्या भिंतीवर वर नेला, चेंबरला घट्ट झाकण बसवलं. भरलेल्या दुसऱ्या सिलिंडरला टोपण दोरीसकट लावलेलं आहे की नाही, हे पाहायचं काम सूनबाईंनी आपल्याकडे घेतलं. सगळ्याचा खर्च एका ट्रॉलीपेक्षा कमी झाला.

मुलानं विचारलं, “आता पाइपचा गॅस येतोय नाशिकमध्ये. तेव्हा हीच लाइन वापरता येईल ना?” नाही. नैसर्गिक वायू वेगळा, तो हवेपेक्षा हलका, दाबही कमी. घरात तो सुमारे 21 मिलीबारनं (एक मिलीबार म्हणजे साधारण एक सेंटिमीटर पाण्याचा दाब) येतो, आपला सिलिंडरचा 30 च्या आसपास. ती कंपनी आपला पाइप आणि मीटर स्वतः बसवते, शेगडीची जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक छिद्रं) बदलावी लागतात, आणि हवेची वाट तेव्हा वरच्या बाजूलाही लागेल. तोवर ही लाइन सिलिंडरचीच.

काकांनी एक शंका जाता जाता काढली. सिलिंडर बाहेर गेल्यापासून थंडीत पहाटे ज्योत बारीक होते, म्हणून ते टाकीवर गरम पाणी ओतत होते. थंडीत द्रवाचा गॅस होणं मंदावतं हे खरंच आहे. प्रोपेन उणे 42 अंशांनाही उकळतो, पण ब्युटेन शून्याच्या जवळपास अडतो, आणि टाकी संपत आली की मागे राहतो तो बराचसा ब्युटेन. तरी गरम पाणी नको आणि टाकी आडवी तर कधीच नको. आडवी केली की रेग्युलेटरमध्ये गॅसऐवजी द्रव जातो, आणि तोच द्रव गॅस होताना अडीचशेपट फुगतो. ज्योत बारीक झाली तर दुसरी टाकी लावा, एवढंच सांगितलं.

मी पुढे दोनदा गेलो. जानेवारीत, संक्रांतीनंतर, यू-नळी लावली: पंधरा मिनिटं, 300 वर स्थिर. एप्रिलमध्ये उन्हाळ्यात पुन्हा तेच. मधल्या दोन टाक्या 35 आणि 36 दिवस गेल्या, कॅलेंडरवर दोन्ही तारखा आहेत. डाव्या भिंतीवर व्हॉल्व्हच्या वर काकूंनी कागद चिकटवला आहे. त्यावर 1906 आणि त्याखाली ‘नळी बदलणे: डिसेंबर 2029’. रात्री भांडी आवरली की त्या दांडा आडवा करतात, आणि कांद्याची गोणी आता गच्चीच्या जिन्यात असते.